कार्ड लिहितंय, पण कुठे? अनोळखी हार्डवेअरचा ड्रायव्हर आणि मेमरी करप्शन

घणसोलीकर | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महापे एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. स्प्रिंग तपासायची मशीन बनवतो. मशीनमध्ये पीसी असतो आणि त्यात १६ चॅनेलचं एक डेटा कॅप्चर कार्ड. कार्ड बाहेरून घेतलेलं आहे. ज्यांनी बनवलं त्यांचं दुकान बंद झालंय. हातात आहे ती ११ पानांची रजिस्टरची (कार्डाला हुकूम द्यायच्या आणि त्याची स्थिती वाचायच्या जागांची) यादी आणि जुन्या विंडोजचा ड्रायव्हर, तोही सोर्सशिवाय. कार्ड मात्र उत्तम मोजतं आणि गिऱ्हाइकांकडे बरीच बसवलेली आहेत, त्यामुळे सोडून देता येत नाही.

मी लिनक्ससाठी ड्रायव्हर लिहिला. रचना साधी आहे. ४०९६ बाइटचे ६४ बफर (डेटासाठी मेमरीचे तुकडे) घ्यायचे, त्यांच्या पत्त्यांची यादी कार्डाला द्यायची. कार्ड डीएमएने (सीपीयूला मध्ये न घेता थेट रॅममध्ये लिहून) एकेक बफर भरतं, इंटरप्ट देतं (सीपीयूला ‘झालं’ अशी हाक) आणि ६४ झाले की परत पहिल्यापासून सुरू करतं. एक बफर भरायला साधारण ६४ मिलिसेकंद लागतात.

२ जीबीच्या जुन्या पीसींवर हे तीन वर्षं चाललं. वर्षातून एखाद-दोनदा मशीन अडकायची, आम्ही ते वीजपुरवठ्यावर ढकललं. यंदा नवे ८ जीबीचे पीसी आले आणि घोळ सुरू झाला. कधी पहिल्याच तासात कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच कोसळतो), कधी तीन दिवस काहीच नाही. पॅनिकची जागा दर वेळी वेगळी: एकदा फाइल सिस्टिममध्ये, एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये, एकदा कीबोर्डच्या. माझ्या ड्रायव्हरचं नाव एकाही ट्रेसमध्ये (कोसळताना कोणता कोड चालू होता त्या यादीत) नाही.

शिवाय वागळे इस्टेटमधल्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आहे की आलेखात मध्येच बारीक पायऱ्या दिसतात. दोन्हींचा संबंध आहे की नाही, कळत नाही.

कोड दहादा वाचला. बफरच्या बाहेर लिहिणारी एकही ओळ सापडली नाही.

अप्पा_ठाणे | मंगळवार, सकाळी ७.०५

घणसोलीकर, मी सॉफ्टवेअरवाला नाही. चाळीस वर्षं सर्किटं दुरुस्त करतोय. आधी रॅम तपासलीस का? नव्या लॉटमध्ये एखादी पट्टी सदोष निघते. एसएमपीएसचं (पीसीच्या पॉवर सप्लायचं) आउटपुट लोडवर मोज आणि अर्थिंग बघ. पावसाळ्यात आपल्याकडच्या इंडस्ट्रियल गाळ्यांत अर्थिंगची काय अवस्था असते ते मी पाहिलंय.

घणसोलीकर | मंगळवार, सकाळी ९.५०

अप्पा, तेच आधी केलं. तीन पीसींवर मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक नाही. एसएमपीएस बदलला. अर्थिंगही मोजलं, ठीक आहे. कार्ड काढून ठेवलं तर तोच पीसी आठ दिवस ढिम्म चालतो.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी १०.३०

कर्नलमध्ये केसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारा तपासनीस) चालू करून बघितलं का? लिनक्स ४.० पासून आहे. बफरच्या बाहेर लिहिलं किंवा फ्री केलेली मेमरी वापरली की लगेच कोणत्या फंक्शनमधून झालं ते सांगतो.

घणसोलीकर | मंगळवार, सकाळी ११.१५

केलं. केसॅन गप्प आहे. पॅनिक येतंच आहे.

स्नेहल_ऐरोली | मंगळवार, रात्री ९.२०

घणसोलीकर, केसॅन गप्प आहे हाच तुमचा पहिला पुरावा आहे.

केसॅन कसा चालतो ते बघा. कंपायलर प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या आधी तपासणी घुसवतो: हा पत्ता वापरायला मोकळा आहे का? म्हणजे सीपीयूने केलेलं लिखाण त्याला दिसतं. कार्ड डीएमएने लिहितं तेव्हा मध्ये सीपीयूची एकही सूचना नसते. कार्ड बसवरून थेट रॅममध्ये लिहितं. त्या वाटेवर केसॅनचा पहाराच नाही. केफेन्स या दुसऱ्या तपासनीसाचंही तेच.

तुमच्या कोडमध्ये चूक सापडत नाही, केसॅनला सापडत नाही, कार्ड काढलं की सगळं शांत. मला तर सरळ वाटतं की लिहिणारा हात कार्डाचा आहे. फक्त कार्ड भलतीकडे का लिहितंय, ते शोधायचं.

एक करा. बूट करताना स्लब_डीबग=एफझेडपीयू द्या. मग कर्नल फ्री झालेल्या मेमरीत ६बी ६बी ६बी असं भरून ठेवतो आणि दोन्ही कडांना रेड झोन (खुणेचा राखीव पट्टा) आखतो. पुढच्या वेळी ती मेमरी द्यायला घेतली आणि ६बी जागेवर नसेल, तर तो तक्रार करतो आणि तिथे काय सापडलं ते बाइटसकट छापतो. लिहिलं कोणी ते त्याला कळत नाही, पण काय लिहिलंय ते तुम्हाला कळेल. ते बाइट इथे द्या.

घणसोलीकर | बुधवार, दुपारी ४.१०

मिळाले! आज दुपारी दीडला. लॉगमध्ये ‘पॉयझन ओव्हररिटन’ आलं. बाइट दोन-दोन जोडून १६ बिटांचे आकडे म्हणून वाचले, असे दिसतात:

२०४७, २०४९, २०४६, २०४८, २०४८, २०५०, २०४७, २०४८, २०४९…

असेच पुढे. आणि हे एकाच ऑब्जेक्टमध्ये (कर्नलने वाटलेल्या मेमरीच्या तुकड्यात) नाही. शेजारचे ऑब्जेक्ट, मधले रेड झोन, सगळं पुसलं गेलंय. मोजलं तर बरोबर ४०९६ बाइट, मेमरीचं एक अख्खं पान (कर्नल मेमरी अशा पानांत वाटतो).

अप्पा_ठाणे | बुधवार, संध्याकाळी ५.००

अरे, तुझं कार्ड १२ बिटांचं आहे ना? १२ बिटांत ४०९६ पायऱ्या. प्लस-मायनस मोजणारं कार्ड असेल तर शून्य व्होल्ट म्हणजे बरोबर मधोमध, २०४८. आणि हा एक-दोनचा हलता आकडा म्हणजे इनपुटवरचा नॉइज. हे तुझ्या मोकळ्या पडलेल्या चॅनेलचं रीडिंग आहे. मी असे आकडे आयुष्यभर बघत आलोय.

घणसोलीकर | बुधवार, संध्याकाळी ५.१२

अप्पा, तुम्हाला दंडवत. कार्ड १२ बिटांचंच आहे. दुपारी दीडला मशीन रिकामं होतं, लोड सेलवर (भार मोजणाऱ्या सेन्सरवर) काहीच नव्हतं. म्हणजे कर्नलच्या पोटात माझाच लोड सेल लिहून बसलाय.

स्नेहल_ऐरोली | बुधवार, रात्री १०.०५

अप्पांनी गुन्हेगार ओळखला. आता दुसरी गोष्ट बघा, तीही तितकीच बोलकी आहे. अख्खं पान गेलंय, पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत.

बफरची लांबी चुकली असती, तर नासाडी कडेला दिसली असती: बफर संपतो तिथून पुढे काही बाइट. इथे तसं नाही. भांडं भरून काठावरून सांडलेलं नाही, भांडं नेऊन दुसऱ्याच घरात ओतलंय. म्हणजे लांबी बरोबर, पत्ता चूक. जुन्या २ जीबीच्या पीसीवर हे होत नाही आणि ८ जीबीवर होतं. त्यामुळे ३२ बिटांच्या, म्हणजे ४ जीबीच्या, वरच्या पत्त्यांशी याचा संबंध असणार.

तुम्ही कार्डासाठी डीएमए मास्क, म्हणजे कार्डाला किती बिटांचे पत्ते चालतात ते कर्नलला सांगणारा आकडा, किती दिलाय? आणि बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेलचं आयओएमएमयू) असेल तर चालू करून, इंटेल_आयओएमएमयू=ऑन आणि आयओएमएमयू.स्ट्रिक्ट=१ देऊन चालवून बघा. आयओएमएमयू म्हणजे उपकरणांसाठीचं पेज टेबल. कार्डाला जेवढी पानं मॅप करून दिली तेवढ्यांतच ते लिहू शकतं. बाहेर लिहायला गेलं की अडवलं जातं, आणि कोणत्या उपकरणाने कोणत्या पत्त्यावर हात टाकला ते लॉगमध्ये येतं. स्ट्रिक्ट यासाठी की एरवी कर्नल अनमॅप केलेल्या पत्त्यांची सफाई वेग वाचवण्यासाठी थोडी लांबवतो. तेवढ्या फटीत उशिरा आलेलं लिखाण निसटून जातं.

घणसोलीकर | गुरुवार, रात्री ८.४५

मास्क ६४ बिटांचा दिला होता. यादीत प्रत्येक डिस्क्रिप्टरला (एका बफरच्या नोंदीला) पत्त्याचा खालचा अर्धा आणि वरचा अर्धा अशी दोन घरं आहेत, म्हणून.

आयओएमएमयू चालू केलं. काल रात्रीपासून एकही पॅनिक नाही, आलेखातल्या पायऱ्यासुद्धा गेल्या! फक्त प्रत्येक टेस्ट थांबवताना लॉगमध्ये एक डीएमए फॉल्ट येतो, लिहिण्याचा, आमच्याच कार्डाच्या नावाने. पण मशीन चालू राहते. हे असंच गिऱ्हाइकांकडे पाठवू का? उद्या वागळेला जायचंच आहे.

स्नेहल_ऐरोली | गुरुवार, रात्री ९.३०

कृपा करून पाठवू नका. नीट वाचा.

तुमचे दोन वेगळे दोष आहेत. पहिला आयओएमएमयूने पकडला नाही, झाकला. पीसीआय उपकरणांना पत्ते देताना लिनक्स शक्यतो ४ जीबीच्या आतलेच देतं. म्हणजे आयओएमएमयू चालू असताना तुमच्या कार्डाला वरचा अर्धा भाग वापरायची वेळच येत नाही. चूक असेल तिथेच आहे. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाने बायोस रीसेट केला, की परत पॅनिक.

दुसरा दोष तो फॉल्ट आहे. तो आयओएमएमयूने खरोखर पकडलाय. थांबवल्यावर कार्ड अजून एकदा लिहितंय, आणि तोवर तुम्ही बफर परत केलेला असतो.

पहिल्यासाठी हे करून बघा. आयओएमएमयू बंद करा. सुरू करण्याआधी ६४ही बफर ओळखू येईल अशा ठरावीक खुणेने भरा, म्हणजे आकड्यांत कधी येणारच नाही अशी किंमत. १२ बिटांचं कार्ड आहे, तर ४०९५ च्या वरचं काहीही चालेल. दोन फेऱ्या जाऊ द्या, थांबवा, आणि कुठल्या बफरमध्ये खूण जशीच्या तशी राहिली ते त्यांच्या पत्त्यांसकट छापा. हे टेस्टच्या पीसीवरच करा, त्यावर कामाचं काही ठेवू नका.

कोपरखैरणे_सेक्टर | गुरुवार, रात्री ९.५०

वाचतोय. फार शिकायला मिळतंय.

घणसोलीकर | शुक्रवार, रात्री १०.३०

वागळेला आज गेलो नाही, फोन करून पुढच्या आठवड्यात येतो म्हटलं. आज दिवसभर हेच केलं.

६४ पैकी ५९ बफर नीट भरले. ५ मध्ये खूण जशीच्या तशी. पाचही बफर ८ जीबीच्या वरच्या पत्त्यावर होते. बाकीचे सगळे ४ ते ८ जीबीच्या पट्ट्यात. एकूण रॅमच ८ जीबी, मग त्याच्या वर पत्ता कसा, असं आधी वाटलं. पण ४ जीबीच्या खालचा मोठा भाग पीसीआयच्या उपकरणांसाठी राखलेला असतो आणि तिथली रॅम वर सरकवलेली असते, त्यामुळे आमच्या बोर्डावर पत्ते १० जीबीपर्यंत जातात.

मग लख्ख झालं. ४ ते ८ मधल्या पत्त्यांचा वरचा अर्धा १ असतो, ८ च्या वरच्यांचा २. कार्ड फक्त पहिल्या डिस्क्रिप्टरचा वरचा अर्धा वाचतं आणि तोच सगळ्यांना लावतं! उरलेल्या ६३ डिस्क्रिप्टरमध्ये ते घर नुसतं शोभेला. खात्री करायला मुद्दाम ८ च्या वरचा एक बफर पहिला ठेवला. लगेच उलटं झालं: वरचे नीट भरले, खालचे सगळे कोरे.

११ पानांत याबद्दल अक्षर नाही. २ जीबीच्या पीसीवर वरचा अर्धा कायम शून्य, म्हणून तीन वर्षं कळलं नाही. आणि ड्रायव्हर लोड होताना बफर कुठे मिळतील ते दर वेळी वेगळं. कधी ५ वर, कधी एकही नाही. म्हणून कधी तासात पॅनिक, कधी तीन दिवस शांत.

आता मास्क ३२ बिटांचा केला, म्हणजे सगळे बफर ४ जीबीच्या आतच. एका ओळीचा बदल.

स्नेहल_ऐरोली | शुक्रवार, रात्री ११.००

उत्तम काम केलंत. बदल एका ओळीचा असला तरी त्याच्यावर चार ओळींची कॉमेंट लिहा. तुमच्यानंतर कोणीतरी ‘कार्ड तर ६४ बिटांचं आहे’ म्हणून ती ओळ सुधारायला जाईल.

आता थांबवण्याचं बघू. ‘स्टॉप’ लिहिल्यावर पुढची ओळ काय आहे?

घणसोलीकर | शनिवार, सकाळी ८.१५

स्टॉपचा बिट लिहितो, इंटरप्ट सोडतो, बफर फ्री करतो. यादीत म्हटलंय की बिट लिहिला की कार्ड थांबतं.

स्नेहल_ऐरोली | शनिवार, सकाळी १०.४०

इथे दोन गोष्टी एकावर एक आहेत.

पीसीआयवर सीपीयूने केलेलं लिखाण लगेच पोहोचतंच असं नाही. ते वाटेत थांबू शकतं आणि सीपीयू पुढच्या ओळीवर निघून जातो. त्याच कार्डावरचं एखादं रजिस्टर वाचलं की मागचं लिखाण पोहोचल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. म्हणून स्टॉप लिहा आणि लगेच तेच रजिस्टर वाचा.

दुसरं, स्टॉप पोहोचलं म्हणजे कार्ड थांबलं असं नव्हे. तुमचं कार्ड बहुधा हातातला बफर पुरा करूनच थांबत असणार, म्हणजे ६४ मिलिसेकंदांपर्यंत लिहीत राहणार. रजिस्टरच्या यादीत बिझी असा काही बिट आहे का बघा. तो उतरेपर्यंत थांबा, पण कायमचं नाही, २०० मिलिसेकंदांची मर्यादा घाला. उतरला की मग इंटरप्ट सोडा, मग बफर.

आणि नाही उतरला तर? बहुतेक ड्रायव्हर इथे एक इशारा छापतात आणि तरी बफर फ्री करतात. ते करू नका. कार्डाचं बस मास्टरिंग (स्वतःहून मेमरीत लिहायची परवानगी) बंद करा, रीसेट करता येत असेल तर करा, आणि तरी शंका उरली तर बफर परतच करू नका. ६४ पानं म्हणजे पाव एमबी गळली. ती गळू द्या. कार्ड ज्या पानावर लिहीत असण्याची शक्यता आहे ते पान कर्नलला दुसऱ्या कोणासाठी देऊ करणं यापेक्षा वाईट काही नाही.

ड्रायव्हर लिहिताना मी प्रत्येक बफरबद्दल एकच प्रश्न विचारते: या क्षणी ही मेमरी कोणाच्या ताब्यात आहे? सीपीयूच्या की उपकरणाच्या? उत्तर ‘बहुतेक’ने सुरू झालं की तिथे बग आहे.

घणसोलीकर | शनिवार, दुपारी १.३०

बिझी बिट आहे. नवव्या पानावर, ‘चाचणीसाठी’ एवढंच लिहिलेलं, म्हणून मी सोडून दिला होता. मोजला. स्टॉपनंतर कधी ३, कधी ५८ मिलिसेकंदांनी उतरतो. आता त्यासाठी थांबतो. सकाळपासून ४०० वेळा सुरू-बंद केलं, आयओएमएमयू स्ट्रिक्ट ठेवून. एकही फॉल्ट नाही.

जुन्या २ जीबीच्या मशीन वर्षातून एकदा अडकायच्या ते हेच असणार. आम्ही बिचाऱ्या विजेला बोल लावत होतो.

अप्पा_ठाणे | शनिवार, दुपारी २.००

मीही लावला. पहिल्याच दिवशी.

वाशी_इंजिनिअरिंग | शनिवार, रात्री ८.१०

मी तिसऱ्या वर्षाला आहे, प्रश्न अगदी प्राथमिक आहे. हे सगळं घडून गेल्यावर सापडलं. हार्डवेअर ओळखीचं नसेल तर आधीपासून काय काळजी घ्यायची? आणि ड्रायव्हर रस्ट या भाषेत लिहिला असता तर हे टळलं असतं का?

स्नेहल_ऐरोली | रविवार, सकाळी ११.१५

प्रश्न प्राथमिक नाही. सवडीने लिहिते.

रस्टचं आधी. लिनक्समध्ये रस्टचा पाया ६.१ मध्ये, डिसेंबर २०२२ ला आला. रस्टने ड्रायव्हरच्या स्वतःच्या चुका मोठ्या प्रमाणात टळतात: फ्री केलेलं परत वापरणं, अ‍ॅरेच्या बाहेर जाणं, दोन थ्रेडनी एकाच गोष्टीत हात घालणं. पण घणसोलीकरांचे दोन्ही दोष त्याने टळले नसते. कार्ड वरचा अर्धा वाचत नाही हे कंपायलरला कुठून कळणार? बफरचा ताबा कार्डाकडे आहे हे रस्टच्या टाइप्समध्ये नीट मांडलं, तर थांबण्याआधी फ्री करणं रस्टमध्ये अवघड करता येतं, आणि ते मोठंच काम आहे. पण कार्ड खरंच कधी थांबतं ते माणसालाच मोजावं लागतं.

अनोळखी उपकरणाच्या बाबतीत माझा पहिला नियम: त्याच्याकडून आलेला प्रत्येक आकडा परक्याचा समजायचा. युजर प्रोग्रॅमकडून आलेल्या आकड्याला कर्नलमध्ये आपण तपासल्याशिवाय हात लावत नाही, पण तोच आकडा रजिस्टरमधून आला की डोळे मिटून अ‍ॅरेचा इंडेक्स म्हणून वापरतो. एक नेहमीचं उदाहरण. कार्ड सॉकेटमध्ये सैल झालं किंवा लिंक तुटली की रजिस्टर वाचताना सगळे बिट १ येतात. ३२ बिटांत तो आकडा ४,२९,४९,६७,२९५. ड्रायव्हरने तीच ‘आलेल्या बाइटची संख्या’ समजून कॉपी केली तर काय होईल? म्हणून वाचल्यावर आधी बघायचं की सगळे १ तर नाहीत. असतील तर उपकरण गेलं असं धरून बाहेर पडायचं. मग लांबी मर्यादेत आहे का ते बघायचं. आणि डीएमएच्या मेमरीतला आकडा एकदाच आपल्या चलात उतरवून घ्यायचा, तोच तपासायचा आणि तोच वापरायचा. तपासताना एकदा आणि वापरताना परत एकदा मेमरीतून वाचलात, तर मधल्या काळात उपकरणाने तो बदललेला असू शकतो.

दुसरं, कागदावर विश्वास कमी आणि मोजण्यावर जास्त. घणसोलीकरांनी खुणेने बफर भरून बघितले ते पहिल्या दिवशी करायचं. बफरच्या आधी आणि नंतर एकेक पान जास्तीचं घ्यायचं, त्यातही खूण भरायची आणि तास-दोन तासांनी ती शाबूत आहे का बघायचं. दोन पानांचा खर्च आहे. सुरुवातीची सगळी कामं आयओएमएमयू स्ट्रिक्ट ठेवून करायची, आणि मग एकदा बंद करून ४ जीबीच्या वरच्या मेमरीसकट. दोन्ही लागतात, ते या धाग्यातच दिसलं. कर्नलमध्ये डीएमए एपीआय डीबगचा पर्याय आहे, तोही लावायचा. मॅप एका लांबीने आणि अनमॅप दुसऱ्या लांबीने केलंत तर तो सांगतो.

तिसरं, खोटं उपकरण बनवायचं. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये (सॉफ्टवेअरमधला खोटा पीसी) ‘एडू’ नावाचं एक शिकाऊ पीसीआय उपकरण तयारच आहे. त्यात रजिस्टर, इंटरप्ट, डीएमए सगळं आहे, आणि त्याचा डीएमए मुळातच २८ बिटांपुरता मर्यादित आहे, म्हणजे २५६ एमबी. तुम्ही त्याच्यासाठी ड्रायव्हर लिहा आणि मास्क मुद्दाम चुकवा. मग त्या उपकरणाचा कोड घेऊन त्याला खोटं बोलायला लावा: चुकीची लांबी दे, स्टॉपनंतर लिही, इंटरप्ट दोनदा दे, मध्येच सगळे १ परत कर. खरं कार्ड हे वर्षातून एकदा करतं, तुमचं मिनिटाला शंभरदा करेल.

आणि जमत असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्ये ठेवूच नका. लिनक्समध्ये व्हीएफआयओ २०१२ पासून आहे. उपकरण आयओएमएमयूच्या कुंपणात ठेवून युजर प्रोग्रॅमच्या हाती देता येतं. चुकलं तर प्रोग्रॅम पडतो, मशीन उभी राहते. सेकंदाला पंधरा-सोळा इंटरप्ट देणाऱ्या कार्डाला ते सहज पुरेल.

रबाळे_लोकल | रविवार, दुपारी १२.४५

एआरएम बोर्डवाल्यांसाठी एक भर. तिथे बऱ्याच चिपवर डीएमए आणि कॅश (सीपीयूजवळची वेगवान मेमरी) एकमेकांना ओळखत नाहीत. कॅशची ओळ बहुधा ६४ बाइटची. माझा २० बाइटचा डीएमए बफर एका स्ट्रक्चरच्या पोटात होता, शेजारी एक काउंटर. दोघं एकाच कॅश ओळीत. उपकरणाने लिहिल्यावर ड्रायव्हर ती ओळ इनव्हॅलिडेट (रद्द) करायचा आणि सीपीयूने नुकताच वाढवलेला काउंटर परत जुना व्हायचा. उपकरणाने काही चुकीचं केलंच नव्हतं. बफर वेगळा घेतल्यावर थांबलं. स्टॅकवरच्या चलांत तर डीएमए कधीच नको. लिनक्स ४.९ मध्ये एक्स८६ वर स्टॅक वेगळ्या प्रकारच्या मेमरीत नेता यायला लागला तेव्हा असं करणारे बरेच यूएसबी ड्रायव्हर उघडे पडले.

खाडीकाठ | रविवार, दुपारी ३.२०

विंडोजवर असाल तर ड्रायव्हर व्हेरिफायर वापरा, विंडोज २००० पासून सोबतच येतो. त्यातला स्पेशल पूल प्रत्येक ॲलोकेशन पानाच्या कडेला ठेवतो आणि पुढच्या पानाला हातच लावता येणार नाही असं ठेवतो. एक बाइट बाहेर गेलात की जागेवर ब्लू स्क्रीन. डीएमएची तपासणीही आहे.

हार्डवेअरच कायमचं मारणारं करप्शन पण होतं, हे नव्या मुलांनी लक्षात ठेवावं. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ ची चाचणी आवृत्ती चालवणाऱ्यांची इंटेलची नेटवर्क कार्डं मरायला लागली. सगळ्यांचा संशय त्या कार्डांच्या ई१०००ई ड्रायव्हरवर. आठवड्यांच्या शोधानंतर निघालं भलतंच. एफट्रेसने (फंक्शनचा माग काढणारी कर्नलची सोय) मॉड्यूलच्या सुरुवातीच्या कोडचे पत्ते टिपून ठेवले होते. तो कोड काम झाल्यावर फ्री झाला आणि त्याच पत्त्यांवर ई१०००ईने कार्डाची फ्लॅश (कायमची मेमरी) मॅप केली. एफट्रेस जुना पत्ता समजून तिथे ‘जुनी किंमत जुळली तरच बदल’ अशी सूचना चालवायचा. पण ती सूचना किंमत जुळली नाही तरी तिथे लिहितेच, जुनी तर जुनी. रॅमवर त्याने काही बिघडत नाही, फ्लॅशवर बिघडलं. ज्याच्यावर संशय होता तो ड्रायव्हर निर्दोष होता. तुमच्याकडे उलटं झालं, कोणत्याच ट्रेसमध्ये नाव नसलेला दोषी निघाला.

वाशी_इंजिनिअरिंग | रविवार, रात्री १०.००

एडू चालवलं! मास्क ६४ केला तर डेटा भलतीकडे जातो, आणि मी भरलेली खूण तशीच राहते. डोळ्यांनी बघितल्यावर कळलं. स्नेहलताई, धन्यवाद.

अप्पा_ठाणे | सोमवार, सकाळी ७.१५

घणसोलीकर, एक राहिलं. आलेखातल्या पायऱ्या कशाच्या होत्या?

घणसोलीकर | सोमवार, रात्री ११.१०

अप्पा, तुम्ही विचारलंत ते बरं झालं. चार दिवस हेच डोक्यात आहे.

ते ५ बफर कार्ड कधी भरतच नव्हतं, त्यामुळे त्यात सुरुवातीचे शून्य राहायचे. आणि आमच्या वरच्या सॉफ्टवेअरमध्ये मीच पूर्वी एक सोय केली होती: तुकडा पूर्ण शून्य आला तर डेटा हुकला समजायचं आणि आधीचा तुकडा परत काढायचा, म्हणजे आलेख तुटक दिसणार नाही. त्याच पायऱ्या. ती सोय नसती, तर आलेख पहिल्याच दिवशी तळाला आपटला असता आणि आम्ही तेव्हाच शोधलं असतं.

त्यापुढचा हिशेब जास्त जड आहे. ६४ पैकी ५ म्हणजे जवळजवळ ८ टक्के वेळ आम्ही मोजलंच नव्हतं. स्प्रिंगचा कमाल भार नेमका त्या ६४ मिलिसेकंदांत आला असेल तर रिपोर्टमध्ये तो कमी छापला गेला. त्या रिपोर्टवर आमच्या मशीनचं नाव आहे.

आज साहेबांशी बोललो. ते आधी म्हणाले, ड्रायव्हर बदल आणि विषय संपव. मी अप्पांनी ओळखलेले ते २०४८ चे आकडे त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग स्वतःच गिऱ्हाइकाला फोन लावला.

८ जीबीचे पीसी तीन ठिकाणी गेलेत. लॉगमध्ये बफरचे पत्ते नव्हते, म्हणून कुठल्या टेस्ट चांगल्या आणि कुठल्या नाहीत ते वेगळं काढता येत नाही. नवे पीसी बसवल्यापासूनच्या सगळ्या टेस्ट परत करायच्या ठरल्यात. वागळेवाल्यांकडे नमुने जपून ठेवलेले आहेत, त्यांचं सोपं आहे. बाकी दोघांकडे माल पुढे गेलाय, तो कुठवर गेला ते उद्या कळेल. शून्यावर आधीचा तुकडा काढायची सोय काढून टाकली. आता तुकडा हुकला की टेस्ट रद्द होते आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत तसं येतं. प्रत्येक रिपोर्टसोबत बफरचे पत्तेही साठवतोय.

उद्या सकाळी ८.२० च्या ठाणे लोकलने वागळेला निघतोय. अप्पा, तुम्ही नौपाड्यातच असता ना? अकराच्या आत तिथलं अर्थिंग एकदा तुमच्या मीटरने मोजून द्याल का? या वेळी वीज खरंच बरी आहे की नाही, तेही बघून घ्यायचंय.

अप्पा_ठाणे | सोमवार, रात्री ११.२५

येतो. साडेनऊला गेटवर थांब.